नवव्या भागातली पावलं

साहेब हेर होते आणि त्यांची पावलं बूटमावशींची होती. ही गोष्ट जगात फार तर वीसेक माणसांना ठाऊक असेल. बाकीच्या लाखो लोकांना वाटायचं की पडद्यावर तो उंचापुरा नट फरशीवरून चालतो, तेव्हा येणारा आवाज त्याच्याच बुटांचा असतो. कसला डोंबलाचा त्याचा! चित्रीकरणाच्या वेळी तिथे पंखे घरघरत असतात, माणसं खोकत असतात, दिग्दर्शक कोणावर तरी ओरडत असतो. त्या गोंधळातून नटाचं बोलणं कसंबसं वाचवतात आणि बाकीचं सगळं पुसून टाकतात. मग जे पुसलं ते परत भरायला एका तळघरात एक बाई उभी राहते, पायात पुरुषाचे बूट घालून.

तळघराच्या जमिनीत चौकोनी खाचे होते. एकात दगडी फरशी, एकात लाकडी फळ्या, एकात खडी, एकात वाळू. समोर पडदा, घोट्याच्या उंचीवर मायक्रोफोन आणि काचेपलीकडे ध्वनिमुद्रक. साहेब पडद्यावर अख्खी गल्ली ओलांडायचे, मावशी दोन फुटांच्या चौकोनात जागच्या जागी चालायच्या. पण टाच टेकायची ती त्याची टाच टेकेल त्याच क्षणी. कामाला येताना त्यांच्या दोन्ही हातांत बुटांनी भरलेल्या पिशव्या असायच्या, म्हणून बूटमावशी. घरी एकूण त्रेचाळीस जोड. साहेबांचे बूट काळे, नाडीचे आणि मावशींच्या पायाला दोन नंबर मोठे. पुढे एक मोजा कोंबून त्या ते घालायच्या.

त्या इथे आल्या होत्या पडदे शिवायला. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जाड पडदे लावायचे होते. मावशी माप घेत खोलीभर फिरत होत्या, तेवढ्यात काचेमागचा माणूस म्हणाला, "बाई, पुन्हा एकदा चाला बघू." मावशींना वाटलं, हा माणूस चळला. पण चालल्या. त्या माणसाला सगळे कानसेन म्हणत, आणि उगाच नाही. खोलीत माशी शिरली तर ती कुठल्या कोपऱ्यात आहे हे तो डोळे मिटून सांगायचा. त्याने पडदे दुसऱ्या कोणाकडून शिवून घेतले आणि मावशींना ठेवून घेतलं.

साहेबांच्या हेरपटांच्या पहिल्या भागात तो नट अगदी बँकेतल्या कारकुनासारखा चालला होता. कानसेन म्हणाला, "हा माणूस कुठेही पाय टाकायच्या आधी ऐकतो. तसं चाला." मावशींनी दोन दिवस डोकं खाजवलं आणि मग उजवा पाय कणभर उशिरा टाकून पाहिला. कणभरच. झालं! त्या कारकुनाचा हेर झाला. पुढे वर्तमानपत्रांत छापून आलं की या नटाच्या चालण्यातच एक सावधपणा आहे. नटाने मुलाखतीत सांगितलं की त्यासाठी आपण वाघांचा अभ्यास केला. मावशींनी ते वाचलं, हसल्या आणि कपाटात पसरायला तोच कागद घेतला.

अशी सव्वीस वर्षं झाली, आठ भाग झाले. घरात त्या नटाला सगळे साहेबच म्हणायचे. "साहेबांचं काम लागलंय" म्हटलं की मावशींचे यजमान स्वयंपाकघराचा ताबा घ्यायचे. ते टपाल कचेरीतून निवृत्त झालेले, शिस्तीचे गृहस्थ, आणि साहेबांचे कट्टर भक्त. मात्र बायकोने सिनेमातलं एक अक्षर घरी बोलायचं नाही, अशी त्यांची सक्त ताकीद. गोष्ट फुटेल म्हणून सव्वीस वर्षांत ते एकदाही स्टुडिओत आले नाहीत. त्यांना फक्त कोबी कळायचा. मारामारीत ठोशाचा आवाज काढायला मावशी कोबीच्या गड्ड्यावर गुद्दे मारायच्या आणि वाया कशाला घालवायचा म्हणून संध्याकाळी तोच घरी आणायच्या. ताटात कोबी दिसला की यजमान विचारायचे, "आज साहेबांनी कोणाला बडवलं?" मावशी म्हणायच्या, "जेवा गुपचूप."

नवव्या भागाचं काम आलं तेव्हा मावशींचं वय एकसष्ट होतं आणि डावा गुडघा दोन वर्षं दुखत होता. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं होतं: इथली गादी झिजली आहे, जिने टाळा, उभं राहणं टाळा. मावशींनी तो कागद शिवणाच्या डब्यात खाली दडपला आणि कोणालाही सांगितलं नाही. घरी तर मुळीच नाही. निवृत्त झाल्यापासून यजमानांचं एकच पालुपद होतं: "तूही आता बस कर. किती दिवस ते बूट वाहशील?" त्यांना गुडघा कळला असता तर दुसऱ्याच दिवशी बुटांच्या पिशव्या माळ्यावर गेल्या असत्या. आणि स्टुडिओत कळलं असतं तर कोणीतरी गोड बोलून घरी बसवलं असतं. मावशींना काम सोडायचं नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही पात्राची पावलं हातची गेली तरी चाललं असतं, पण साहेबांची नाही. ती दुसऱ्या कोणाच्या पायात जातील, हा नुसता विचारही त्यांना सहन व्हायचा नाही.

म्हणून झाकली मूठ सव्वा लाखाची. सलवारीच्या आत गुडघ्याला पट्टा, पिशवीत दुखणं मारायचा फवारा, आणि दर अर्ध्या तासाने "जरा चहा घेऊ या का?" आयुष्यात मावशींनी एवढा चहा प्यायला नसेल. आधीच्या भागांना चार दिवस लागायचे, या वेळी अकरा लागले. पाय टाकला की डाव्या बाजूला वजन नीट पडायचं नाही. टाच टेकायची, मग किंचित थांबून बाकीचं पाऊल मागून यायचं, नावडत्या पाहुण्याला दारात घ्यायला जावं तसं. मावशींना ते ऐकू यायचं. त्या म्हणायच्या, "पुन्हा घेऊ." काचेपलीकडून कानसेन म्हणायचा, "नको, छान आहे. पुढचं घेऊ."

हा कानसेन, जो एका जिन्यासाठी चौदा वेळा चढायला लावायचा! मावशींना ते खटकायला हवं होतं. पण चोराच्या मनात चांदणं. त्यांना वाटलं, वाचले बाई, याचेही कान आता म्हातारे झाले.

सिनेमा लागला. पहिल्या रविवारी दुपारच्या खेळाला जायचं हा घरचा शिरस्ता. मावशी, यजमान आणि मावशींची धाकटी नणंद. नणंदबाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या, आणि चूक दिसली की ती तिथल्या तिथे मोठ्याने सांगायची सवय काही निवृत्त झाली नव्हती.

आता हा नववा भाग कसा होता ते सांगायलाच हवं. वाईट होता. नुसता वाईट असता तर शिव्या घालायला तरी मजा आली असती. हा रडका होता. खलनायक साहेबांचा शाळेतला मित्र निघाला, मग तो मित्र नव्हेच असं निघालं, मग होता असं निघालं. त्याचा डाव काय होता ते समजवायला त्याने पाव तास घेतला आणि तरी कोणाला समजलं नाही. साहेब छपरावरून उडी मारायचे तेव्हा भांग एका बाजूला असायचा आणि खाली पडायचे तेव्हा दुसऱ्या. चौथ्यांदा बॉम्बचं घड्याळ उलटं मोजायला लागलं तेव्हा नणंदबाई म्हणाल्या, "अहो, त्याचा सेल काढा ना कोणीतरी!" आणि सगळं थिएटर हसलं. ती हसायची जागा नव्हती.

मावशी हसल्या नाहीत. त्या पडद्याकडे बघतही नव्हत्या. त्या ऐकत होत्या आणि त्यांच्या कपाळाला घाम आला होता. पावलं लागत नव्हती. वेळेवर पडत होती, टाचेला टाच जुळत होती, पण माणसाला लागत नव्हती. उसना कोट घातल्यासारखी वरवर बसलेली. शेवटी तो प्रसंग आला. साहेबांची नोकरी संपते आणि ते आपलं ओळखपत्र परत करायला कचेरीच्या लांबलचक दगडी बोळातून एकटे चालत जातात. अख्ख्या सिनेमाचा जीव म्हणावा असा तो एक मिनिट दहा सेकंदांचा तुकडा. ना संगीत, ना बोलणं, फक्त पावलं. मावशी त्या बोळासाठी तीन दिवस चालल्या होत्या. आणि नेमकं तिथेच थिएटरात चुळबूळ सुरू झाली. कोणी मोबाइल काढला, कोणी पिशवी शोधायला लागलं. मध्येच नटाने चेहरा वेडावाकडा केला, तर मागे कोणीतरी फिसकन हसलं.

मावशींनी डोळे मिटून घेतले. त्यांचा निकाल लागला होता: हे आपण केलं. आपल्या गुडघ्याने.

तुम्ही म्हणाल, हे काय भलतंच? गोष्ट लिहिणाऱ्याने माती खाल्ली, दिग्दर्शकाने खाल्ली, भांग पाडणाऱ्यानेही खाल्ली, आणि दोष या बाईच्या गुडघ्याला? पण ज्याने त्याने आपलंच ऐकावं. स्वयंपाकिणीला लग्नातलं मीठ आठवतं, नवरानवरी नाही. सव्वीस वर्षं त्या माणसाच्या पायाखालचा आवाज झालेली बाई, तिला सिनेमात दुसरं काय ऐकू येणार?

घरी आल्यावर यजमानांनी कागद घेतला आणि चुका लिहायला बसले. जन्मभर पत्रं वेगवेगळ्या खणांत टाकलेला माणूस. त्यांनी चुकांचेही खण पाडले. सतरा चुका निघाल्या. मावशी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. सतरावी झाली तरी त्यांना भीती होती ती चूक काही येईना.

शेवटी त्यांनीच विचारलं, "आणि त्याची चाल?"

"कसली चाल?"

"साहेबांचं चालणं हो. कसं वाटलं?"

"चालत होता की," यजमान म्हणाले. "चालण्यात काय वाटायचंय? बरं, अठरावी सांगतो..."

मावशींना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण उलट त्यांना इतका राग आला की त्या आत जाऊन उगाचच भांडी घासायला लागल्या, स्वच्छ होती ती. चालण्यात काय वाटायचंय! इतकी वर्षं एका छपराखाली राहून, सगळे भाग तीन-तीनदा बघून, या माणसाला अजून एवढंच कळलेलं.

दुसऱ्या दिवशी नणंदबाई डबा परत करायला आल्या आणि जाता जाता दारात म्हणाल्या, "वहिनी, एक सांगू? मला ते शेवटचं बोळातलं खटकलं. का ते विचारू नकोस, मला नाही सांगता येणार. तो चालत होता ना, तेव्हा मला वाटलं की हा चालत नाहीये. कोणीतरी दुसराच चालतोय."

झालं. मावशींना हवा होता तो साक्षीदार मिळाला.

आठवडा असाच गेला. वर्तमानपत्रवाले लिहीत होते, "सगळं खोटं वाटतं." मावशी ते वाक्य अंगाला लावून घेत होत्या. रात्री झोप येईना, दिवसा जेवण जाईना. मग बातमी आली की निर्मात्यांनी ही मालिका इथेच संपवायची ठरवली आहे, दहावा भाग होणार नाही. त्या दिवशी मावशींनी साहेबांचे बूट नीट पॉलिश केले, एका पिशवीत घातले आणि स्टुडिओची वाट धरली. जिन्याच्या अठरा पायऱ्या त्या पहिल्यांदाच कठड्याला धरून, एकेक करत, न लपवता उतरल्या.

कानसेन एकटाच होता, कसल्यातरी तारा गुंडाळत. मावशींनी बूट त्याच्या टेबलावर ठेवले.

"हे काय, मावशी?"

आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. त्या खुर्चीत बसल्या आणि सगळं सांगून टाकलं. दोन वर्षांचा गुडघा, डॉक्टरांचा कागद, पट्टा, फवारा, चहा. "नववा भाग माझ्यामुळे बुडाला," त्या म्हणाल्या. "बोळातली ती पावलं... मला थिएटरात तोंड लपवावंसं वाटलं. तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. लोभ सुटला नाही. माफ करा."

कानसेन तारा गुंडाळायचा थांबला. कान खाजवला. मग म्हणाला, "मावशी, थिएटरात जी पावलं होती ती तुमचीच होती. पण या वेळची नव्हती."

"म्हणजे?"

"तिसऱ्या आणि चौथ्या भागातली. सगळं जपून ठेवलंय माझ्याकडे. एकेक पाऊल कापून काढलं आणि नवीन चित्राखाली बसवलं. या वेळची अकरा दिवसांची तुमची पावलं... त्यातलं एकही सिनेमात नाही."

मावशींना आधी ते समजलंच नाही. आणि समजलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. "अकरा दिवस! अकरा दिवस मला इथे नाचवलंत! त्या बोळासाठी मी तीन दिवस दात आवळून उभी राहिले आणि तुम्ही आत बसून 'छान आहे, छान आहे'? अहो, लाज नाही वाटली?"

"वाटली ना."

"मग तोंडात गुळणी धरली होती का?"

"तुम्ही सांगत नव्हता. मी कसा बोलणार?" कानसेनही आता चिडला होता. "पहिल्या दिवशी पहिल्या पावलाला मला ऐकू आलं, डावा गेला म्हणून. वरून हुकूम होता, साहेब चाळिशीतले वाटले पाहिजेत. केस काळे केले, मानेच्या वळ्या संगणकावर पुसल्या, उड्या दुसऱ्याने मारल्या. त्यात ही पावलं वर पाठवली असती तर त्यांनी विचारलं असतं, ही बाई कोण, बदला तिला. मी बदलू देणार होतो का? म्हणून तुमच्याच जागी तुम्हालाच बसवलं. कोणाला कळलंही नाही."

भिंतीवरच्या जाड पडद्यांमुळे त्या खोलीतली शांतता फार दाट असायची. मावशींच्या डोक्यात एक एक गोष्ट जागेवर बसत होती. म्हणजे थिएटरात त्या ज्या पावलांमुळे घामाघूम झाल्या, ती त्यांच्या चाळिशीची होती. धडधाकट, त्यांच्या आयुष्यातली सर्वांत चांगली. मग ती का लागत नव्हती?

"या वेळची पुसलीत का?" त्यांनी विचारलं.

"मी काही पुसत नाही."

"मग लावा. बोळ लावा."

"कशाला आता, मावशी? सिनेमा सगळीकडे लागलाय. आता त्यात काही..."

"लावा म्हणते ना!"

कानसेनने शोधाशोध केली, दोन-चार बटणं दाबली, दिवा मालवला. पडद्यावर तो बोळ आला. साहेब लांबून चालत येत होते. काळे केलेले केस, इस्त्रीचा कोट, हातात ओळखपत्र. आणि पायाखाली मावशींची आत्ताची पावलं.

उजवं पाऊल नीट पडलं. डावी टाच टेकली, किंचित थांबली, मग बाकीचं पाऊल मागून आलं. पुन्हा उजवं. पुन्हा डावं, या वेळी जरा जास्त थांबून. मावशी आधी तेवढंच ऐकत होत्या, चुका मोजत. मग त्यांनी मान वर केली आणि माणसाकडे पाहिलं. पडद्यावरचा माणूस चालत होता. खरंच चालत होता. साठी उलटलेला, दमलेला, नोकरी संपलेला माणूस, आणि तरी ताठ जाणारा. जिथे थिएटरात लोक फिसकन हसले होते तिथे त्याचा चेहरा वेडावाकडा झाला, आणि नेमक्या त्याच क्षणी डावी टाच दगडावर पडली.

"थांबवा," मावशी म्हणाल्या. "मागे घ्या. तिथूनच."

पुन्हा तेच. टाच आणि चेहरा, दोन्ही एकदम.

"अहो, त्याचाही डावाच आहे," मावशी म्हणाल्या.

कानसेन पडद्याकडे वाकून पाहत होता. कोटाच्या घोळात पाय नीट दिसत नव्हता, पण एकदा कळल्यावर खांद्यावरून सगळं दिसत होतं. नट दर डाव्या पावलाला स्वतःला किंचित सावरत होता. तोही लपवत होता, कोणाकोणापासून कोण जाणे. आणि मावशी इथे उभ्या राहून त्या शरीराकडे बघत, सवयीने, त्याच्या वजनाला वजन देत चालल्या होत्या. आपलं दुखणं लपवायच्या नादात त्यांना वाटत राहिलं की आपण चुकतोय. त्या मुळीच चुकत नव्हत्या. त्या त्याच्याबरोबर चालत होत्या.

कानसेनने तोंडावर हात ठेवला. "मी हे चित्रासोबत लावून पाहिलंच नाही," तो म्हणाला. "नुसतं डोळे मिटून ऐकलं आणि बाजूला ठेवलं. मावशी, माझं चुकलं."

"चुकलंच," मावशी म्हणाल्या. त्यांना रडू येत होतं आणि त्यांनी ते येऊ दिलं. राग होता, आनंदही होता, आणि हे आता कोणालाच ऐकू येणार नाही याचं दुःख तर फार होतं. दहावा भाग नाही. ही चाल या खोलीबाहेर जाणार नाही. त्यांनी ओढणीने नाक पुसलं आणि म्हणाल्या, "उद्या ह्यांना घेऊन येऊ का?"

"आणा की. आता गोष्ट फुटायची भीती नाही."

यजमान दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून आले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. जमिनीतले खाचे पाहिले, खडी हातात घेऊन पाहिली, मायक्रोफोन इतका खाली का म्हणून विचारलं आणि कानसेनला आपल्या अठरा चुकांपैकी सहा सांगूनही टाकल्या. मावशी म्हणाल्या, "बसा आता. आणि मध्ये बोलू नका."

दिवा मालवला. बोळ आला.

"हे तर पाहिलंय आपण," यजमान म्हणाले.

"बोलू नका म्हटलं ना!"

पावलं सुरू झाली. यजमान आधी खुर्चीत मागे रेलून बसले होते. चार पावलं झाली, सहा झाली. ते हळूहळू पुढे सरकले. अर्ध्या बोळात त्यांनी पडद्याकडे पाहणं सोडलं. कानसेनला वाटलं, यांनाही कंटाळा आला. पण ते मान खाली घालून ऐकत होते, दारामागून कोणाची तरी चाहूल घ्यावी तसे. एक मिनिट दहा सेकंद संपले आणि कानसेनने दिवा लावला.

मावशी वाट बघत होत्या. त्यांना एवढंच ऐकायचं होतं की चाल दिसली. चालण्यात काय वाटायचंय म्हणणाऱ्या माणसाने एकदा म्हणावं, वाटलं.

यजमान साहेबांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. ते मावशींच्या पायांकडे बघत होते.

"हे चालणं मी रोज ऐकतो," ते म्हणाले. "पहाटे तू उठून स्वयंपाकघरात जातेस ना, तेच हे. मला वाटायचं, माझी झोप मोडू नये म्हणून तू हळू चालतेस."

मावशींनी डाव्या गुडघ्यावर हात ठेवला.

"किती दिवस दुखतंय गं?"

"दोन वर्षं," मावशी म्हणाल्या.